प्रेसमध्ये हात जातोच कशाला? वाचकांचे प्रश्न

या वेळची पत्रं जवळजवळ सगळी एमआयडीसीतूनच आलीत, त्यामुळे अख्खा कॉलम मशीनवरच. पहिलं पत्र मोठं आहे आणि उत्तरही मोठं झालंय.

प्रश्न: सर नमस्कार, भोसरीला आमचं छोटं प्रेस शॉप आहे. आठ पॉवर प्रेस (पत्रा कापायची, दाबायची मशीन), बहुतेक जुन्या पिन क्लचच्या, वडिलांनी घेतलेल्या. मध्यंतरी एका हेल्परच्या बोटाचं टोक गेलं, तेव्हापासून कस्टमरचा ऑडिटर मागे लागलाय की रिस्क असेसमेंट दाखवा. एकानं एक्सेलची तयार फाइल दिलीय, पाच गुणिले पाच मार्कांची, ती भरून देऊ का? दुसरं म्हणजे एक सेन्सरवाला सगळ्या प्रेसला लाइट कर्टन (हात आडवा आला की थांबायचा सिग्नल देणारा प्रकाशाचा पडदा) लावून देतो म्हणतोय, रेट पण बरा वाटतोय. पोरांना हजारदा सांगून झालं की लक्ष देऊन काम करा, तरी हात आत घालतातच.

उत्तर: तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करतो. पोरगा हात आत घालतो कारण जॉब हातानंच ठेवायचा आणि हातानंच काढायचा अशी पद्धत तुम्हीच ठरवलीय. दिवसाला दोन-तीन हजार पीस मागायचे म्हणजे दोन-तीन हजार वेळा हात पंचखाली (पत्र्यावर आपटणाऱ्या वरच्या टूलखाली) जाणार, आणि त्यात एखाद्या वेळी लक्ष हलणारच, तुमचंही हललं असतं. त्यामुळे "लक्ष दे" हा उपाय धरूच नका, तो शेवटी उरतो तेव्हाचा.

आता लाइट कर्टन. तुमच्या पिन क्लचच्या प्रेसवर तो लावून काहीही उपयोग नाही, आणि सेन्सरवाल्यानं क्लच न बघताच रेट दिला असेल तर त्याला आधी शॉपवर बोलवा. पिन क्लच किंवा की क्लचचं काम असं चालतं की पॅडल दाबलं की पिन फ्लायव्हीलमध्ये (सतत फिरणाऱ्या जड चाकात) अडकते आणि क्रँक पूर्ण एक फेरा मारूनच सुटते, मध्ये कुठेही थांबवता येत नाही. मग कर्टननं हात बघितला, सिग्नल दिला, रिले पडला, सगळं झालं तरी रॅम, म्हणजे पंच धरून वर-खाली होणारा भाग, खाली येणारच. पोराला मात्र वाटतं सेन्सर आहे, आणि तो आणखी बिनधास्त हात घालतो, म्हणजे न लावलेला बरा असा प्रकार.

न्यूमॅटिक क्लच-ब्रेकच्या, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या आणि मध्येच थांबवता येणाऱ्या, प्रेसवर कर्टन चांगला चालतो पण तिथंही कुठं बसवला याला महत्त्व आहे. हिशोब सोपा आहे, हात सेकंदाला 2000 मिलिमीटर वेगानं जातो असं धरतात आणि त्याला प्रेस थांबायला लागणाऱ्या एकूण वेळेनं गुणतात. समजा कर्टन, रिले, व्हॉल्व्ह, ब्रेक सगळं धरून 0.15 सेकंद लागतात, तर कर्टन डायपासून (पंचखालच्या साच्यापासून) कमीत कमी 300 मिलिमीटर लांब हवा, तोही 14 मिलिमीटरचं बोट ओळखणारा असेल तर, जाड रिझोल्यूशनचा असेल तर आणखी लांब. आणि ब्रेकचं लायनिंग झिजून वेळ 0.22 वर गेला की तेच अंतर 440 होतं, कर्टन मात्र जिथल्या तिथंच. म्हणून थांबायचा वेळ दरवर्षी तरी मोजून घ्यायचा, त्याचं मीटर येतं, विकणाऱ्याला सांगा की मोजून लिहून दे. तो टाळाटाळ करायला लागला तर काय ते समजून घ्या.

कोणीतरी दोन हातांच्या बटणांचंही सुचवेल. चांगली गोष्ट आहे, दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली तरच स्ट्रोक आणि दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा स्ट्रोक नाही, म्हणजे एक बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवायची नेहमीची युक्ती चालत नाही. पण पिन क्लचला इथंही तीच अडचण आहे, बटण सोडल्यावर प्रेस थांबत नाही. पिन एकाच जागी अडकत असेल आणि प्रेस मिनिटाला 60 स्ट्रोकची असेल तर वाईटात वाईट एक फेरा पिन अडकायची वाट बघण्यात आणि अर्धा फेरा रॅम खाली यायला, म्हणजे दीड सेकंद. तेवढ्यात माणसाचा हात चालायच्या वेगानं, म्हणजे सेकंदाला 1.6 मीटर धरला तरी, 2.4 मीटर जातो. म्हणजे बटणं डायपासून अडीच मीटर लांब लावायला पाहिजेत, तिथून ऑपरेटर जॉब कसा ठेवणार?

मग करायचं काय, तर हात जाईल एवढी जागाच ठेवायची नाही. पट्टीचं काम असेल, म्हणजे स्ट्रिप एका बाजूनं आत आणि स्क्रॅप दुसऱ्या बाजूनं बाहेर, तर डायला चारी बाजूंनी पक्का गार्ड, बोल्टनं, पान्याशिवाय न निघणारा, आणि पट्टी जाईल एवढीच फट, 6 मिलिमीटरपेक्षा मोठी नको. ब्लँक (आधीच कापलेला पत्र्याचा तुकडा) हातानं ठेवायचा जॉब असेल तर सरकणारी ट्रे किंवा पुश फीड करा, ब्लँक बाहेर ठेवायचा आणि ढकलायचा. पीस बाहेर काढायला हवेचा झोत किंवा उतरती चूट. तुमच्या टूलरूमवाल्याला सांगितलं तर यातलं बरंचसं तो भंगारातल्या प्लेट-अँगलमधून करून देईल. चिमटा आणि मॅग्नेट पण ठेवा पण गार्डच्या जोडीला, गार्डच्या ऐवजी नको, कारण घाई झाली की चिमटा बाजूला आणि बोट आत, हे सगळ्यांनाच माहितीय.

अजून एक गोष्ट ऑडिटर सांगणार नाही कारण त्याला तुमचं जॉबचं वाटप माहिती नसतं. आठही प्रेस सारख्या नाहीत. ज्या एक-दोन न्यूमॅटिक क्लचच्या असतील त्यांच्यावर हातानं ब्लँक ठेवायचे जॉब घ्या आणि पिन क्लचवर फक्त पट्टीचे, पक्क्या गार्डमधले. आज बहुतेक शॉपमध्ये उलटं असतं कारण न्यूमॅटिक प्रेस चांगली म्हणून तिच्यावर मोठ्या कस्टमरचा पट्टीचा जॉब चालतो आणि बारीकसारीक हाताचं काम कोपऱ्यातल्या जुन्या प्रेसवर नव्या हेल्परकडे. हे वाटप बदलायला एक रुपया लागत नाही, डायची शट हाइट (रॅम खाली आल्यावर लागणारी उंची) जमतेय का एवढं सेटरकडून बघून घ्या. मग पैसे येतील तसे एकेक पिन क्लच बदलून न्यूमॅटिक करून घ्या, तसं करून देणारे लोक आहेत.

आणि पिन क्लच वापरात आहे तोवर डबल स्ट्रोकची भीती आहेच, पॅडल एकदा दाबलं आणि रॅम दोनदा आला. कीचं स्प्रिंग तुटतं, ब्रेकचा पट्टा ढिला होतो, त्यातून होतं. क्रँक वर येऊन जागेवर थांबते का पुढे सरकते हे रोज सकाळी पहिल्या स्ट्रोकला बघा, सरकत असेल तर त्या दिवशी ती प्रेस बंद, प्रॉडक्शन कितीही अडलं तरी. पॅडलला वरून आणि बाजूनं कव्हर पाहिजे, नाहीतर वरून स्क्रॅपचा तुकडा पडला तरी स्ट्रोक बसतो.

आता तुमची एक्सेल. भरायला हरकत नाही पण दुसऱ्याची भरलेली कॉपी मारू नका. मशीनप्रमाणे नाही, कामाप्रमाणे भरा: चालवताना, डाय बदलताना, सेटिंगला, पीस अडकल्यावर, साफसफाईला, आणि लाइट जाऊन परत आल्यावर. लाइट परत आल्यावर मोटर आपोआप सुरू होते का बघा, तसं होता कामा नये. बोटं बहुतेक वेळा प्रॉडक्शनपेक्षा या मधल्या कामात जातात कारण गार्ड तेव्हाच काढलेला असतो. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील कितीतरी वेळ फिरत राहतं आणि तेवढ्यात कोणाचा तरी पाय पॅडलवर पडतो. म्हणून डाय सेटिंगला मेन स्विचला कुलूप, किल्ली सेटरच्या खिशात, फ्लायव्हील पूर्ण थांबलेलं, आणि रॅमखाली सेफ्टी ब्लॉक. लाकडाचा ठोकळा नाही, त्या टनेजला चालेल असा.

मार्क देताना "किती गंभीर" मध्ये बोट जाणं म्हणजे गंभीरच, त्यात तडजोड नको. आणि "किती शक्यता" मध्ये आमच्याकडे दहा वर्षांत एकदाच झालं म्हणून एक मार्क, असं लिहू नका, पंचखाली दिवसाला हजारो वेळा हात जातोय याला कमी कसं म्हणणार. गार्ड लावल्यावर परत मार्क द्या. आणि मार्क कमी झाले ते कशामुळे हा रकाना असा ठेवा की त्यात "ट्रेनिंग दिलं" आणि "बोर्ड लावला" एवढंच लिहून चालणार नाही. बोर्डांचं म्हणाल तर 4 मार्चच्या सेफ्टी डेला लावलेली इंग्रजी पोस्टर आणि समोर बीड, नांदेड नाहीतर बिहार, ओडिशाहून आलेली पोरं, कोण वाचणार ते?

गार्ड लावल्यावर आठ दिवसांनी गुपचूप एक चक्कर मारा. कुठला गार्ड काढून भिंतीला टेकवलाय ते बघा आणि ऑपरेटरला ओरडायच्या आधी का काढला ते विचारा. पीस दिसत नाही, स्क्रॅप अडकतो, काढायला पाना शोधावा लागतो, असं काहीतरी खरं कारण निघतंच. गार्डला पत्र्याऐवजी जाळी किंवा पॉलिकार्बोनेट लावला की निम्म्या तक्रारी जातात. आणि पीस रेटवर पैसे देत असाल तर गार्डसकट जेवढे पीस निघतात तेवढ्यावर रेट परत ठरवा, नाहीतर गार्ड काढायचे पैसे तुम्हीच देताय.

कायद्याचं थोडक्यात, धोकादायक भागाला कुंपण घालायची जबाबदारी 1948 च्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम 21 पासून मालकावर आहे, आणि नोव्हेंबर 2025 पासून त्या ॲक्टची जागा 2020 च्या सेफ्टी कोडनं घेतली तरी ही जबाबदारी मालकावरच आहे, "त्याचंच लक्ष नव्हतं" म्हणून ती सुटत नाही.

प्रश्न: मी चाकणला व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) ऑपरेटर आहे, कॉन्ट्रॅक्टमध्ये. आमच्या लाइनला दरवाजाच्या स्विचमध्ये (दाराची की आत बसली तरच मशीन चालू देणाऱ्या) एक जादाची की कायमची घालून ठेवलीय, त्यामुळे दार उघडं ठेवून मशीन चालतं. सुपरवायझर म्हणतात सायकल टाइम वाचतो. मला भीती वाटते, पण बोलले तर उद्यापासून येऊ नको म्हणतील.

उत्तर: ताई, तुमची भीती बरोबर आहे. दार फक्त हात जाऊ नये म्हणून नसतं, टूल तुटला किंवा क्लँपिंग सुटून जॉब उडाला तर तो दारानंच अडतो. (बाय द वे दाराची काचसुद्धा तपासायला सांगा. ती पॉलिकार्बोनेटची असते आणि कूलंटनं वर्षानुवर्षं भिजून कमजोर होते. पिवळी पडलीय, तडे दिसतायत तर बदलायची.)

सुपरवायझरशी एकदम "बायपास काढा" असं न बोलता दार उघडायला का लागतं तिथून सुरुवात करा. पहिला पीस बघायला असेल तर मशीनला सेटिंग मोड असतो, किल्लीचा, त्यात वेग कमी राहतो आणि बटण दाबून धरलं तरच हालचाल होते. चिप्स (धातूची कात्रणं) गुंडाळतात म्हणून उघडत असतील तर प्रश्न इन्सर्टचा (टूलच्या कापणाऱ्या पात्याचा) आणि फीडचा आहे, दाराचा नाही. ती जादाची की मिळते म्हणूनच हे चालतं, कोडेड स्विच येतात ज्यांना दुसऱ्या कुठल्याही कीनं फसवता येत नाही, ते मेंटेनन्सला सुचवा.

तरी नाही ऐकलं तर मशीन नंबर आणि तारीख टाकून एक ओळ लिहून द्या, व्हॉट्सॲपवर दिली तरी चालेल, स्क्रीनशॉट स्वतःकडे ठेवा. शेवटचा रस्ता म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार, आणि तक्रार कोणी केली हे इन्स्पेक्टरनं सांगायचं नाही असं बंधन फॅक्टरी ॲक्टच्या 1987 च्या दुरुस्तीतच घातलंय. कॉन्ट्रॅक्टवाल्या माणसाला हे सगळं सांगणं मला सोपं आहे आणि तुम्हाला करणं अवघड, हे मला कळतं, म्हणून शक्य असेल तर लाइनवरच्या दोघा-तिघांनी मिळून लिहा.

प्रश्न: मिस्टर नऱ्ह्याला वर्कशॉपमध्ये लेथ आणि ग्राइंडरवर असतात. हाताला कापू नये म्हणून मी चांगले जाड हातमोजे आणून दिलेत, ते घालत नाहीत, म्हणतात चालत नाही. खरं का?

उत्तर: खरं आहे वहिनी, या बाबतीत त्यांचंच ऐका. फिरत्या चकमध्ये (जॉब धरणाऱ्या भागात) किंवा ड्रिलमध्ये मोज्याचं टोक अडकलं की मोज्याबरोबर हात ओढला जातो, सोडवायला वेळच मिळत नाही. लांब बाही, गळ्यातली साखळी, मफलर, अंगठी, सगळ्याचं तसंच. मोजे जॉब उचलताना आणि चिप्स काढताना घालावेत, मशीन बंद असताना. चिप्स काढायला हुक असतो, हात नाही.

ग्राइंडरचं मात्र त्यांना विचारा: टूल रेस्ट आणि दगड यात फट 3 मिलिमीटरपेक्षा जास्त नको, वरच्या पट्टीची 6 पेक्षा जास्त नको. दगड झिजतो तशी फट वाढत जाते आणि जॉब त्यात ओढला जाऊन दगड फुटतो. नवा दगड बसवायच्या आधी लटकवून लाकडानं हलकं ठोकून बघायचा, खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर तडा आहे, फेकून द्या. आणि चष्मा घालतात का तेही विचारा.

प्रश्न: बोट तुटलंच तर हॉस्पिटलला नेईपर्यंत काय करायचं? आमच्याकडे एकानं बोट बर्फाच्या डब्यात टाकून नेलं होतं. (वाचक, तळवडे)

उत्तर: थेट बर्फात नको, बर्फानं ते खराब होतं. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळा, सलाइन असेल तर त्यात भिजवलेल्या, मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फ-पाण्यात ठेवा. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा, हात वर ठेवा, हळद किंवा कॉफी भरू नका. एकानं मशीन बंद करायचं, एकानं माणसाजवळ बसायचं आणि तिसऱ्यानं निघायच्या आधीच फोन करून प्लास्टिक सर्जन आहे का विचारायचं, नाहीतर एका हॉस्पिटलातून दुसऱ्यात फिरण्यातच वेळ जातो. तुमच्या भागात रात्रपाळीला आणि गुरुवारच्या सुट्टीला कुठं सर्जन मिळतो हे आजच चौकशी करून नंबर भिंतीवर लावा, आणि त्याच्याखाली सगळ्यांचे ईएसआयसीचे इन्शुरन्स नंबर.