वाचक विचारतात: पीओपीतला शेवटचा पी

प्रश्न: ताई नमस्कार, मी नाशिकच्या एका शाळेत सातवी-आठवीला फ्रेंच शिकवते. यंदा आमच्याकडे असं ठरलंय की प्रत्येक भाषेच्या टीचरने दुसऱ्या एका विषयाच्या टीचरबरोबर मिळून प्रोजेक्ट करायचा. चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या वाट्याला सायन्समधले जीवाश्म आले. फ्रेंच कल्चर आणि जीवाश्म, काय मेळ! सायन्सचे सर म्हणतात तुम्ही आयफेल टॉवरचा चार्ट करा, मी डायनोसॉरचा करतो, मध्ये रिबीन लावून टाकू. मला ते पटत नाहीये. बजेट जवळजवळ नाहीच. काही सुचवाल का?

उत्तर: रिबीन नको हो. मेळ आहे आणि चांगला घट्ट आहे. शाळेच्या स्टोअररूममध्ये गॅदरिंगच्या डेकोरेशनमधून उरलेली पीओपीची अर्धी पिशवी नक्की पडलेली असणार, आधी ती शोधा. आपण दिवसभर पीओपी पीओपी करतो पण ‘प्लास्टर ऑफ पॅरिस’मधला शेवटचा पी म्हणजे पॅरिस हे कुणाच्या लक्षातच राहत नाही.

पॅरिसच्या उत्तरेला मोंमार्त्र नावाची टेकडी आहे, आता तिथे टुरिस्टांची गर्दी असते, पण पूर्वी तिथे जिप्सम या मऊ दगडाच्या खाणी होत्या. जिप्सम साधारण दीडशे डिग्रीला भाजलं की त्यातलं बरचसं पाणी उडून जातं आणि पांढरी पूड उरते, त्या पुडीत परत पाणी घातलं की तिचा पुन्हा दगड होतो, एवढीच त्या प्लास्टरची करामत. टेकडी इतकी पोखरलेली की पुढे वर साक्रे-कर हे पांढरं चर्च बांधायचं ठरलं तेव्हा पायासाठी ८३ खोल विहिरी खणून खांब उतरवावे लागले. खाली प्लास ब्लांश नावाचा चौक आहे, ते नाव म्हणे प्लास्टरच्या गाड्यांमधून सांडणाऱ्या पांढऱ्या धुळीवरून पडलं. इथे तुमचं ग्रामर आयतं मिळतं बघा, ब्लां म्हणजे पांढरा आणि ब्लांश म्हणजे पांढरी, प्लास स्त्रीलिंगी म्हणून ब्लांश. मुलं हे विसरणार नाहीत.

आता खरी गंमत. जिप्सम फोडताना खाणीतल्या मजुरांना हाडं सापडायची, साधारण साडेतीन कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्यांची, आणि ती पोचायची जॉर्ज क्यूव्हिए या माणसाकडे, पॅरिसच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये. याच माणसाने १७९६ मध्ये आपला हत्ती, आफ्रिकेतला हत्ती आणि मॅमथ यांचे दात-जबडे शेजारी शेजारी ठेवून दाखवून दिलं की हे वेगवेगळे प्राणी आहेत आणि मॅमथ आता जगात कुठेच शिल्लक नाही. प्राण्याची अख्खी जात नाहीशी होऊ शकते हे तोवर बऱ्याच जणांना पटतच नव्हतं. त्यासाठी वापरलेली एक कवटी सिलोनच्या हत्तीची होती, हेही मुलांना सांगा.

पण वर्गासाठी मला हत्तीपेक्षा ओपोसमची गोष्ट जास्त आवडते. मोंमार्त्रच्या जिप्सममध्ये एक छोटासा सांगाडा मिळाला, अर्धा दगडातच. जबडा आणि दात बघून क्यूव्हिए म्हणाला की हा ओपोसमच्या जातीतला, म्हणजे पोटाच्या पिशवीत पिल्लं वाढवणाऱ्यांपैकी, आणि तसं असेल तर कमरेच्या हाडापुढे दोन जादा हाडं असायलाच हवीत. मग चार लोकांना समोर उभं करून त्याने सुईने दगड खरवडायला घेतला आणि ती दोन हाडं निघाली. १८०४ मध्ये त्याने हे छापलं. आधी बोलायचं, मग खणायचं! सायन्स म्हणजे काय हे याहून सोपं करून मला तरी सांगता येत नाही.

हेच वर्गात करा. प्लास्टिकच्या प्राण्यांचं पाकीट आणा, शंभर-दीडशेला मिळतं. पीओपीत दुप्पट वाळू मिसळली की ठोकळा ठिसूळ होतो आणि दाभणाने खरवडता येतो. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात एकेक प्राणी असा पुरा की फक्त एक पाय बाहेर राहील. खरवडण्याआधी प्रत्येक गटाने फ्रेंचमध्ये लिहून द्यायचं, ऑं व्हा त्रुव्हे, म्हणजे आम्हाला आता अमुक सापडणार आहे. तुमचा फ्युतुर प्रोश, म्हणजे जवळचा भविष्यकाळ, आपोआप होऊन जातो. एका डब्यात घोडा ठेवाच. खूर दिसला की निम्मा वर्ग शिंगं लिहितो आणि मग जी काही बोंबाबोंब होते ना, ती झाली पाहिजे. एका अवयवावरून बाकीचं शरीर ओळखायच्या क्यूव्हिएच्या नियमाला कुठे मर्यादा येतात हे सरांना तिथेच सांगता येईल.

दुसरी ॲक्टिव्हिटी साच्याची. शाडूची वडी थापायची, तिच्यात खोबरेल लावलेली तिसऱ्यांची शिंपली दाबून काढायची (नाशकात मासळी बाजारात मिळतात, नाहीतर कोकणातून येणाऱ्या कुणालातरी सांगून ठेवा), उमटलेल्या खड्ड्यात पातळ पीओपी ओतायचं, तासाभराने काढायचं. शाडू आणि पीओपी एका टेबलावर सुखाने नांदताना दरवर्षी फक्त याच तासाला दिसतात. खड्डा हा साचा आणि निघालेला तुकडा ही ओतीव प्रतिकृती, शिंपला मात्र दोन्हीत नाही, तो कधीच विरघळून गेला, असंही होऊ शकतं हे मुलांना इथेच कळतं. आणि आता फ्रेंच खाणं आणा. मादलेन नावाचा छोटा केक असतो, लोरेन भागातल्या कोमेर्सी गावचा, तो शिंपल्याच्या आकाराच्या साच्यातच भाजतात. साचा नसेल तर मोदकाचा साचा दाखवून समजवा, पोरांना एका सेकंदात कळतं. केकमध्ये अंडं असतं, पालकांना आधी विचारा, नाहीतर दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये तुम्हालाच उभं करतील.

काळजीचं बोलते. पीओपी घट्ट होताना चांगलंच तापतं. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला एका मुलाने हाताचा ठसा घ्यायला सरळ भांड्यात पंजा बुडवला, मी फळ्याकडे तोंड करून होते, तो ओरडला तेव्हा कळलं. नशीब लगेच हात निघाला, जाड थरात हात अडकला तर भाजून बोटं जायची वेळ येते. तेव्हा हात घालायचा नाही, कालवायला काठी, पूड भुरभुरताना नाकाला रुमाल, खरवडताना डोळ्यांना गॉगल. उरलेलं सिंकमध्ये ओतायचं नाही, पाइप कायमचा बसतो.

आयफेल टॉवर सरांना हवाच असेल तर राहू दे, फक्त चार्ट नको. पहिल्या मजल्याखाली चारही बाजूंनी ७२ शास्त्रज्ञ आणि इंजिनिअरांची नावं कोरलेली आहेत, त्यात क्यूव्हिए आहे. मुलांना फोटोत शोधायला लावा आणि किती बायका आहेत तेही मोजायला सांगा. एकही नाही.

वेळ उरला तर फ्रान्सच्या नकाशावर टाचण्या. भूशास्त्रातल्या काळांची कितीतरी नावं फ्रेंच गावांवरून पडलीत, ॲप्त गावावरून ॲप्शियन, तूरवरून ट्युरोनियन, पॅरिसच्या जुन्या लुटेशिया या नावावरून लुटेशियन, आणि जुरासिक तर जुरा डोंगरांवरून. कोन्याक या ब्रँडीच्या गावावरूनही एक आहे, ते मी सांगत नाही, का ते तुम्हाला कळलंच असेल.

एकच आठवण करून देते, क्यूव्हिएला देव करू नका. सजीव हळूहळू बदलत जातात हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. आणि सारा बार्टमन या आफ्रिकन बाईच्या मृतदेहाची त्याने चिरफाड केली, तिचे अवशेष पुढे दीडशेहून जास्त वर्षं पॅरिसच्या म्युझियममध्ये ठेवून घेतले होते, २००२ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेला परत गेले. आठवीच्या मुलांना हे नीट शब्दांत सांगता येतं.

प्रश्न: मॅडम, आम्ही साताऱ्यात घर बांधतोय. फरशीवाल्याने पिवळसर दगडाच्या लाद्या दिल्या, त्यावर काळी काळी नेच्याची पानं उमटलीत, तो म्हणतो फॉसिलवाली लादी आहे म्हणून रेट जास्त. मुलगा तर नाचतोय. खरं आहे का?

उत्तर: दादा, जादा पैसे देऊ नका. याला डेंड्राइट म्हणतात. दगडाच्या बारीक भेगेत पाणी झिरपताना मँगनीज आणि लोखंडाचे क्षार साचत जातात आणि त्यांना अशा फांद्या फुटतात, पानाचा त्यात काही संबंध नाही. मुलाला भिंग द्या. खऱ्या पानाला मधली शीर असते, ठराविक अंतरावर बाजूच्या शिरा असतात, कड असते, यात फांदी मनाला येईल तिथे फुटते आणि कड कुठेच संपत नाही. पण त्यानेही आधी कागदावर लिहायचं की काय दिसेल, मगच भिंग लावायचं, वरच्या पत्रातल्यासारखं. आणि एखादी लादी त्याला ठेवून घ्यायची असेल तर साध्या रेटने घ्या, दिसायला सुंदरच असते ती.