आधी मुद्दल कमी कर

भावा, टिळकवाडीत फ्लॅट घेतलास, खूप आनंद वाटला. आता हे गणित बघ. 25 लाख कर्ज, 9 टक्के, 20 वर्षं: हप्ता साधारण 22,493. पहिल्या महिन्यात त्यातले 18,750 व्याजातच जातात, मुद्दल फिटतं जेमतेम 3,743. म्हणून जादा पैसे सुरुवातीलाच भर. दरवर्षी एक हप्ता जास्त भरलास तर कर्ज सुमारे साडेतीन वर्षं आधी संपतं. दर फ्लोटिंग, म्हणजे वेळोवेळी बदलणारा, असेल तर असं जादा भरण्याला दंड नाही. फक्त ‘हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा’ असं लेखी दे. मी पहिल्यांदा दिलं नाही, तर बँकेनं हप्ताच कमी केला.

खर्च वहीत लिही, दूध-पेट्रोलसकट.

मग माळा उघड की. आमच्या माळ्यावर शिलाई मशीन, सायकल आणि तांब्याचे चार हंडे निघाले. मशीन, सायकल विकली. हंडे मोडीत घालायला नेले, तर एकावर आजीचं नाव कोरलेलं. तो परत आणला, बरंच केलं. जुनी स्कूटर विकलीस तर आरसी घेणाऱ्याच्या नावावर होईपर्यंत पाठ सोडू नकोस. आणि आलेले पैसे त्याच दिवशी कर्जखात्यात भर. घरात राहिले की गणपतीत खर्च होतात.