बडोद्यातल्या मराठी समाजावर एम.ए.चा लघुप्रबंध करायचा आहे, शीर्षक 'बडोद्यातील मराठी समाज : परंपरा आणि परिवर्तन' असं ठरवलंय, हातात चार महिने आहेत. सुरुवात कुठून करू?

'बडोद्यातील मराठी समाज : परंपरा आणि परिवर्तन' हे तुम्ही प्रश्नात दिलेलं शीर्षक आधी खोडा. चार महिन्यांत परंपराही हाती लागत नाही आणि परिवर्तनही. चूल मात्र लागते. माझं मत विचाराल तर चूल हाच विषय घ्या. त्याचा पाया बडोद्याच्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात घातला गेलाय. एम. एन. श्रीनिवास १९५१ साली इथे समाजशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले. त्यांचे विद्यार्थी ए. एम. शाह यांनी पुढे 'घर' आणि 'कुटुंब' वेगवेगळं मोजायचा आग्रह धरला. एका छपराखाली राहून एका चुलीवर जेवतात ते घर. कुटुंब त्याच्या बाहेरही पसरलेलं असतं. हा फरक न करता 'एकत्र कुटुंब मोडलं' असं लिहिणारे प्रबंध ढिगाने सापडतील.

म्हणून 'तुमचं कुटुंब एकत्र आहे का?' हा प्रश्न विचारूच नका. लोक आदर्श सांगतात. त्याऐवजी विचारा : सकाळचा स्वयंपाक किती ठिकाणी होतो? किराणा कोण भरतं? विजेचं बिल कुणाच्या नावावर आहे? गौरी-गणपती कुठे बसतात, आणि त्या दिवशी जेवायला कोण कोण असतं? वरच्या मजल्यावर थोरला, खाली धाकटा, चुली दोन, देव्हारा एकच आणि तिसरा भाऊ कॅनडात : अशा घराला एका शब्दाचं नाव द्यायची घाई करू नका, नुसतं लिहून ठेवा.

चाळीस घरं पुरतात. एका घराला एक पान. त्यावर प्रत्येक माणसाचं घरप्रमुखाशी नातं, वय, जन्मगाव, शिक्षण, शाळेचं माध्यम. पानामागे वंशावळ : पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला बरोबरचं चिन्ह, निदान तीन पिढ्या. इथे बहुतेकजण मुलग्यांचीच रेघ ओढतात आणि आत्या, मावश्या, सुना गळतात. खरा माल तिथेच असतो. सून कुठून आली आणि लेक कुठे दिली हे तिन्ही पिढ्यांत लिहा. पुणे-मुंबईकडचं सासर-माहेर किती, इंदूर-ग्वाल्हेरकडचं किती, बडोद्यातल्या बडोद्यात किती आणि गुजराती घरातलं किती, हे मोजलंत की अर्धा प्रबंध तयार.

'घरात कोणती भाषा बोलता?' हाही तसाच पोकळ प्रश्न. 'मराठी' एवढंच उत्तर येईल. भाजीवाल्याशी भाव करताना, मुलांना रागावताना, हिशेब मनात करताना, भावंडांच्या व्हॉट्सॲप गटावर आणि देवापुढे, असं पाच ठिकाणी वेगळं विचारा.

नमुना निवडताना सगळ्यात मोठी चूक होते. ओळखीच्या एका काकांना गाठायचं, ते चार नावं देतात, ते चौघे आणखी चार देतात, आणि चाळीस घरं होतात तेव्हा सगळी दांडिया बाजार-रावपुऱ्याकडची आणि एकाच जातीची निघतात. मग निष्कर्षात 'मराठी समाज' लिहायचं! ज्या शहरात १९१७ साली संस्थानच्या नोकरीत आलेल्या डॉ. आंबेडकरांना जात कळल्यावर राहायला जागा मिळेना, तिथला मराठी समाज एका आळीतून मोजता येत नाही. निदान तीन वेगळी दारं ठोठावा : जुने वाडे, मराठा घरं, आणि दलित मराठी वस्ती किंवा कारखान्याच्या नोकरीनिमित्त अलीकडे आलेले लोक. प्रत्येकी बारा-पंधरा घरं. जात पहिल्या भेटीत विचारू नका. कुलदैवत आणि मूळ गाव विचारलं की बहुधा आपोआप कळते.

दुपारी एक ते चार कुणाचंही दार वाजवू नका. गणपतीत जाऊन पाहा, जेवा, पण पान भरायला बसू नका. एक तासाच्या बोलण्याला लिहायला दोन-अडीच तास लागतात आणि ते त्याच रात्री करायचे. म्हणजे दिवसाला दोन घरं, फार तर तीन.

जुन्या आकड्यांसाठी बडोदे संस्थानचे १९११, १९२१ आणि १९३१ चे जनगणना अहवाल बघा. विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात आधी चौकशी करा. पण संस्थान म्हणजे शहर नव्हे. त्यात बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली असे प्रांत होते. संस्थानचा १९३१ चा आकडा आणि आजच्या शहराचा आकडा शेजारी ठेवला तर परीक्षक पहिल्याच पानावर पकडतील. २०११ च्या जिल्ह्याच्या आकड्यांतही छोटा उदेपूर धरलेला आहे. तो जिल्हा २०१३ मध्ये वेगळा झाला. शिवाय मातृभाषेच्या तक्त्यावरून जात काढता येत नाही. गायकवाडी दफ्तरातले मोडी कागद मोह पाडतात, पण मोडी आधीपासून येत नसेल तर या खेपेला सोडा. अक्षर लागेपर्यंत मुदत संपेल.

नावं बदलताना आडनाव बदलून भागत नाही. इथले जुने लोक एकमेकांना वाड्यावरून आणि आजोबांच्या हुद्द्यावरून ओळखतात, तेव्हा दोन्ही बदला. भाऊबंदकीचा वाटणीचा दावा चालू असेल तर तो मजकूर गाळाच.

नोंदींच्या प्रतींबद्दल एक. श्रीनिवासांनी रामपुरा या म्हैसूरकडच्या, स्वतः अभ्यासलेल्या खेड्याच्या नोंदींच्या तीन प्रती केल्या होत्या. १९७० साली स्टॅनफर्डला त्यांच्या अभ्यासिकेला आग लावली गेली तेव्हा तिन्ही तिथेच होत्या. तुमच्या प्रती लॅपटॉपवर आणि त्याच पिशवीतल्या पेनड्राइव्हवर असतील तर ती एकच प्रत धरा. भरलेल्या पानांचे फोटो दर रविवारी दुसऱ्या गावच्या कुणाला तरी पाठवून ठेवा.