केंद्रकद्रव्य आणि पेशीद्रव्य: गोंधळ कुठे होतो

आधी सीमा पक्क्या करा. प्रद्रव्यपटल (पेशीभोवतीचं पातळ पटल) आणि केंद्रकपटल (केंद्रकाभोवतीचं पटल) यांच्या मधलं सगळं पेशीद्रव्य. केंद्रकपटलाच्या आतलं ते केंद्रकद्रव्य. तंतुकणिका (ऊर्जा तयार करणारी अंगकं) पहिल्यात, रंगसूत्रांचं जाळं आणि केंद्रकी (केंद्रकातला दाट, गोलसर भाग) दुसऱ्यात. परीक्षेत एवढं सगळेच लिहितात.

गुण जातात ते रायबोझोमवर, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या सूक्ष्म कणांवर. त्यांचे उपघटक केंद्रकीत तयार होतात, पण प्रथिनं बनवण्याचं काम पेशीद्रव्यातच चालतं. प्रथिन कसं बनवायचं याचा संदेश नेणारा संदेशवाहक आरएनए केंद्रकात डीएनएवरून उतरवला जातो आणि केंद्रकपटलाच्या छिद्रांतून बाहेर येतो. याच छिद्रांतून आयन व लहान रेणू सहज ये-जा करतात. मोठ्या प्रथिनांना वाहक लागतो. म्हणून दोन्हीकडची प्रथिनं वेगळी राहतात.

जीवाणूच्या आकृतीत केंद्रकद्रव्य दाखवू नका, तिथे केंद्रकपटलच नसतं. प्राणिपेशीचं विभाजन होताना तर हे पटल मोडतं आणि दोन्ही द्रव्यं तात्पुरती मिसळतात.