गल्लीतला गोल आणि अठ्ठ्याण्णवचा साप

"मॅडम, काल संध्याकाळी मी गल्लीत गोलकीपर झाले होते. तीन गोल अडवले, एकदा सपशेल आपटले, पोट धरून हसले. आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर स्वतःचीच लाज वाटली." पस्तिशीच्या एका ताईंनी समुपदेशनाच्या तिसऱ्या भेटीत बसता बसता हे सांगितले, तेव्हा चोरी कबूल करणाऱ्या माणसाचा असतो तसा त्यांचा आवाज होता. सात वर्षांचा संसार मोडून त्या चार महिन्यांपूर्वी मंगळवार पेठेतल्या माहेरी परतल्या होत्या. मारहाण झालेली नव्हती, पण पाहुण्यांसमोर, नोकरांसमोर, अगदी फोनवर बोलतानासुद्धा "हिला काय कळतंय" हे वाक्य त्यांनी सात वर्षे ऐकले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि त्यांच्या संमतीनेच हे लिहीत आहे.)

कोल्हापुरात संध्याकाळी गल्लीत फुटबॉल नसेल तर काहीतरी बिनसले आहे असे समजावे. त्यांच्या नऊ वर्षांच्या भाच्याला त्या दिवशी गोलकीपर मिळत नव्हता, म्हणून त्याने आत्तीला ओढून दोन विटांच्या मध्ये उभे केले, इतकेच. आईने मात्र दारातून ते पाहिले आणि रात्री ताट वाढताना म्हणाली, "घर मोडून आलीस आन् गल्लीत दात काढतीस व्हय गं?" ताईंचा प्रश्न तिथून सुरू झाला होता. इतक्या लवकर हसू येते, म्हणजे आपल्याला मुळात दुःखच झाले नाही की काय? की आपण त्यापासून पळतो आहोत?

हा प्रश्न माझ्याकडे निरनिराळ्या तोंडांनी येत असतो. वडिलांचे दिवसकार्य आटोपून आठवडा होत नाही तोच रंकाळ्याच्या कट्ट्यावर मित्रांच्या थट्टेला मनमोकळे हसलेला मुलगा तो विचारतो, आणि गर्भपातानंतर महिन्याभराने भांडी घासताना आपण गाणे गुणगुणत होतो हे लक्षात येऊन दचकलेली बाईही विचारते. आपल्याकडे दुःखाला ठरावीक मुदत आणि ठरावीक चेहरा असतो, त्यामुळे त्या मुदतीच्या आत चेहरा सुटला की माणूस स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो.

मी ताईंना एवढेच विचारले, की खेळून झाल्यावर पुढे काय झाले? त्यांनी बराच वेळ घेतला. "रडले," त्या म्हणाल्या, "पण रोजच्यासारखे नाही. एरवी छातीवर दगड ठेवल्यासारखे होते आणि रडू येतच नाही. काल सरळ रडू आले आणि मग झोप लागली." त्यांच्या प्रश्नाचे उत्तर या दोन वाक्यांत होते. पळणारा माणूस दुःखाकडे परत येत नाही, आणि त्या तर त्याच रात्री परतल्या होत्या, तेही जरा बळ घेऊन.

मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट या संशोधकांनी 1999 मध्ये शोकाबद्दल जी मांडणी केली, ती अशा वेळी मला उपयोगी पडते. माणूस दुःखात सलग बुडून राहत नाही. तो गमावलेल्या गोष्टीकडे जातो, मग तिथून निघून रोजच्या जगण्याकडे येतो आणि पुन्हा तिकडे जातो, आणि या येरझाऱ्या थांबल्या, मग त्या कोणत्याही टोकाला थांबोत, तर अडचण होते, असा त्याचा सारांश आहे. ही मांडणी जोडीदाराच्या मृत्यूच्या संदर्भात झाली असली, तरी मोडलेल्या लग्नांतही मला हेच दिसत आले आहे. जोडीदार जाऊन सहा महिने झालेल्या माणसांच्या मुलाखतींत, त्याच्याबद्दल बोलता बोलता जे खरेखुरे हसले त्यांच्या मनावरचा ताण कमी आढळला, असे डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो यांनी 1997 मध्ये नोंदवले आहे. हसल्यामुळे ताण कमी झाला की ताण कमी होता म्हणून हसू आले, हे त्यावरून ठरत नाही. परंतु हसणे म्हणजे मृताशी केलेली बेइमानी नव्हे, एवढे तरी त्यातून म्हणता येते.

यानंतर माझी एक चूक झाली, ती लिहायला हवी. खेळाचा उपयोग होतो आहे असे पाहून मी उत्साहाने त्यांना सांगितले, की रोज संध्याकाळी अर्धा तास खेळा आणि कसे वाटले त्याची नोंद ठेवा. ताई हिशेबाच्या कामातल्या. पुढच्या भेटीला त्या फूटपट्टीने रेघा मारलेली वही घेऊन आल्या. तारीख, खेळ, मिनिटे, दहापैकी गुण असे सारे रकाने भरलेले होते, आणि चेहरा पूर्वीपेक्षा ओढलेला. "गुण वाढत नाहीत मॅडम, मला हेही जमत नाही," असे त्या म्हणाल्या, तेव्हा मला ते सात वर्षांचे वाक्य माझ्याच तोंडून निघाल्यासारखे वाटले. खेळ हा मनाजोगता सुरू करता आणि मनाजोगता सोडता आला तरच खेळ असतो. त्याचा गृहपाठ केला की तो उरलेल्या कामांपैकी आणखी एक काम होतो. मी त्यांची माफी मागितली आणि वही बंद करायला सांगितली. (दुःखी माणसाला "चल, पन्हाळ्याला जाऊन येऊ, मूड बदलेल" म्हणत गाडीत कोंबणारे नातेवाईकही हीच चूक करतात, फक्त ते फी घेत नाहीत.)

पुढचा मार्ग भाच्याने काढला. पावसामुळे बाहेर खेळता येईना, म्हणून त्याने जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर सापशिडी आखली आणि "आत्ती, सापांना नावं दे" असा हुकूम सोडला. संत ज्ञानदेवांशी परंपरेने जोडल्या जाणाऱ्या मोक्षपटात, म्हणजे सापशिडीच्या जुन्या रूपात, सापांना माणसाच्या विकारांची नावे असतात. भाच्याला हे ठाऊक नव्हते, पण त्याची मागणी तीच होती. ताईंनी गमतीत सुरुवात केली. सतराव्या घरातला साप झाला "पाहुणे आले", त्रेचाळिसावा झाला "मिठाचा अंदाज", चौसष्टावा "नणंदेचा फोन". शिड्यांमध्ये "पहिला पगार माझ्या खात्यात" आली आणि "माहेरची एसटी"ही आली. ज्याला साप चावेल त्याला मूठभर भडंग, असा नियम भाच्याने केला, त्यामुळे घरात सापाच्या तोंडी जाण्यासाठी चढाओढ लागली. अठ्ठ्याण्णवाव्या घरातल्या सापापाशी मात्र ताईंचा पेन थांबला. हा प्रसंग मला सांगतानाही त्या तिथेच थांबल्या, आणि मग चार भेटींत जे ओठांवर आले नव्हते ते त्यांनी पहिल्यांदा सांगितले. ते इथे लिहिण्याची गरज नाही.

जे सरळ उच्चारता येत नाही ते खेळात हाताळता येते, कारण खेळात ते खरे असते आणि खरे नसतेही. सिग्मंड फ्रॉइड यांनी 1920 मध्ये आपल्या दीड वर्षाच्या नातवाबद्दल लिहिले आहे. तो दोरी बांधलेले लाकडी रीळ पलंगाआड फेकायचा आणि पुन्हा ओढून घ्यायचा. फ्रॉइड यांच्या मते आईचे निघून जाणे तो त्यात पुन्हा पुन्हा घडवत होता, फक्त या वेळी दोरी त्याच्या हातात होती. ऑगस्ट 2019 च्या पुरानंतर पंचगंगेकाठच्या वस्त्यांतली मुले काड्यापेट्यांची घरे करून त्यांवर तांब्याने पाणी ओतत, आणि "असलं अभद्र काय खेळताय" म्हणून आया ओरडत. मी त्यांना एवढेच पाहायला सांगत असे, की खेळ बदलतो आहे का. कधी होडी येते, कधी म्हैस वाचते, कधी कुणी हसते; मग चालू द्यावे. तोच खेळ आठवडेच्या आठवडे, तसाच, हसण्यावाचून चालला असेल, तर मात्र मुलाला घेऊन यावे.

सासुरवाशिणींना हे आधीपासून ठाऊक होते. पंचमीला किंवा गौरीला माहेरी आलेल्या बायका झिम्मा-फुगडीच्या गाण्यांतून सासू, नणंद, दीर सगळ्यांची यथेच्छ टिंगल करत आल्या आहेत, आणि फेर मोडला की दुसऱ्या दिवशी त्याच घरी नांदायला जात आल्या आहेत. त्या फेराने सासर बदलले असा दावा मी करणार नाही. ताईंनी फेर न धरता सासर सोडले, आणि ते योग्यच केले.

खेळाच्या नावाखाली जे चालते ते सगळे खेळ नसते, हेही सांगायला हवे. रात्री दोनपर्यंत मोबाइलवर गेम खेळणारा एक तरुण मला म्हणाला, की थांबलो की विचार येतात म्हणून थांबत नाही. दुसरा एक गृहस्थ स्वतःवरच इतके विनोद करायचा, की मित्रांच्या घोळक्यात त्याचा अपमान हा रोजचा कार्यक्रम झाला होता आणि त्याची सुरुवात तोच करून द्यायचा. ताईंना विचारलेला प्रश्न या दोघांनाही लागू आहे: खेळ थांबल्यावर तुम्ही कुठे असता? झोप आणि भूक दोन-तीन आठवडे उडालेली असेल, किंवा जगू नये असे विचार येत असतील, तर आधी डॉक्टर किंवा समुपदेशक गाठावा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे आणि दिवसरात्र चालू असतो. सापशिडी नंतरही मांडता येते.

ताईंच्या आईला मी एकदाच भेटले. मुलीचे हसणे त्यांना खुपत नव्हते, शेजारणींनी ते ऐकले हे खुपत होते, आणि तसे त्यांनी स्वच्छ सांगितले. पुढे त्या पटावर बसू लागल्या असे कळले. नातू फासे चोरून टाकतो अशी त्यांची तक्रार आहे.

शेवटच्या भेटीत ताईंनी पटाचा फोटो दाखवला. अठ्ठ्याण्णवचा साप अजून बिननावाचाच होता, भाच्याने तो हिरव्या रंगाने भरून टाकला होता. नाव घालायचे आहे का, असे मी विचारले. "राहू दे," त्या म्हणाल्या. गुरुवारी कौटुंबिक न्यायालयात तारीख होती. वकिलांना त्यांनी आधीच सांगून ठेवले होते, की कामकाज काहीही होवो, साडेपाचच्या आत घरी पोहोचायला हवे, समोरच्या गल्लीशी मॅच आहे आणि दुसरा गोलकीपर नाही.