कृषी सल्ला : एचएफ गाईचं रक्त किती ठेवायचं?

बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी, निपाणी आणि खानापूर भागातून आलेले तीन प्रश्न दुभत्या संकरित गाईंचेच आहेत, म्हणून उत्तर एकत्र देतो. अथणीचे एक शेतकरी विचारतात, थंडीत बावीस लिटर देणारी एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन ही विदेशी जात) एप्रिल लागला की चौदावर येते, तीनदा भरवली तरी उलटते, म्हणजे गाभण राहत नाही, पेंड वाढवू का? निपाणीच्या ताईंच्या दुधाला फॅट लागत नाही. खानापूर भागातल्या जांबोटीकडच्या तरुणाला पहिली गाय घ्यायची आहे. एचएफ घ्यावी की जर्सी, हे ठरत नाही.

अथणीच्या दादांनी पेंड अजिबात वाढवू नये. होल्स्टीन फ्रिजियन ही नेदरलँड्समधल्या फ्रिसलँड, नॉर्थ हॉलंड आणि शेजारच्या जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टीन या पट्ट्यातली गाय. समुद्रालगतची ओली कुरणं आणि थंड हवा यांत ती घडली. एकोणिसाव्या शतकात ती अमेरिकेत गेली आणि तिथं पिढ्यान् पिढ्या दुधाच्या लिटरवर तिची निवड झाली. पूर्ण वाढलेल्या शुद्ध गाईचं वजन सहाशे किलोच्या घरात जातं. एवढ्या मोठ्या अंगात चारा पचतानाची उष्णता, त्यात दूध तयार होतानाची उष्णता. हवा पंचवीस अंशांच्या पुढं गेली की तिला ती बाहेर टाकणं जड जातं. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला टेकतो. मग ती खाणं कमी करते, धापा टाकत उभी राहते आणि दूध आटतं. अशा वेळी जास्तीची पेंड पोटात आम्लता वाढवते, बाकी काही नाही.

उलटण्याचं कारणही बहुधा हेच. उन्हाळ्यात माज थोडा वेळ टिकतो, तोही रात्री, आणि तो आपल्या नजरेतून सुटतो. गाभ धरला तरी पहिल्या आठवड्यात उष्णतेनं तो टिकत नाही. रात्री दहाला आणि पहाटे पाचला गोठ्यात चक्कर मारा. पहाटे माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. गोठ्याचा पत्रा वरून चुन्यानं रंगवा, त्यावर उसाचं पाचट टाका. गाईच्या अंगावर पाणी मारायचं तर पंखा सोबत हवाच. वारं नसलेल्या गोठ्यात नुसतं पाणी मारलं की दमटपणा वाढतो आणि त्रास दुप्पट होतो. वैरण पहाटे आणि रात्री उशिरा घाला, पाणी चोवीस तास समोर ठेवा. वीस लिटरच्या गाईला उन्हाळ्यात दिवसाला शंभर लिटरच्या आसपास पाणी लागतं.

आता मूळ गोष्ट. आपल्या हवेत विदेशी रक्त पन्नास ते साडेबासष्ट टक्क्यांच्या दरम्यान ठेवावं, ही शिफारस जुनी आहे आणि मला ती शंभर टक्के पटते. गावठी गाईला शुद्ध एचएफची कांडी (कृत्रिम रेतनाची वीर्यनळी) भरवली तर कालवड पन्नास टक्क्यांची. तिला पुन्हा शुद्ध एचएफ भरवली की पंचाहत्तर, पुढच्या पिढीत साडेसत्त्याऐंशी. जास्त दुधाच्या हावेपोटी आपण नेदरलँड्सची गाय अथणीच्या उन्हात उभी करतो. पंचाहत्तर टक्क्यांची गाय दावणीला असेल तर तिला पन्नास टक्के संकरित वळूची कांडी भरवा. कालवड साडेबासष्टला येते. रेतन करणाऱ्याला वळूचा क्रमांक आणि विदेशी रक्ताचं प्रमाण विचारा, वहीत लिहून ठेवा. कुठली कांडी भरली हे माहीत नसलेला गोठा मला सगळ्यात जास्त काळजीत टाकतो.

निपाणीच्या ताईंनो, एचएफच्या दुधाला साडेतीन टक्क्यांच्या आसपासच फॅट बसते, ती जातीचीच मर्यादा. पण तीनच्या खाली घसरली तर दोष दावणीत शोधा. हंगामात कारखान्याच्या तोडीबरोबर उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, फुकट मिळतं आणि महिना-महिना गाय त्यावरच राहते. वाढ्यात ऑक्झॅलेट असतं, ते अंगातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. वाढं कुट्टी करून त्यावर चुन्याची निवळी शिंपडा आणि वाढं निम्म्याहून जास्त घालू नका. बरोबर पाच-सहा किलो ज्वारीचा कडबा हवाच, कारण फॅट रवंथीतून येते. खुराक अडीच लिटर दुधामागं एक किलो, शरीरासाठी वेगळा दीड किलो, खनिज मिश्रण रोज.

जांबोटीच्या तरुणाला मी जर्सी संकरित सुचवेन. जर्सी इंग्लिश खाडीतल्या लहानशा बेटावरची. १७८९ सालच्या कायद्यानं बाहेरची गुरं तिथं आणायला बंदी घातली होती. अंगानं हलकी, चारशे-साडेचारशे किलोची, खुरं काळी आणि टणक, फॅट साडेचार-पाच. उतार, चिखल, बेताची वैरण यांत ती एचएफपेक्षा निभावते. मात्र तिला दुग्धज्वराचा, म्हणजे व्यायल्यावर रक्तातलं कॅल्शियम एकदम घटून गाय बसण्याचा, धोका जास्त. खानापूरकडं मुख्य वैरण भाताचं पिंजर, त्यात कॅल्शियम कमी. म्हणून आपण गाभणपणी कॅल्शियमच्या बाटल्या पाजतो आणि तिथंच चुकतं. विण्याआधीच्या तीन आठवड्यांत कॅल्शियम वाढवू नका. व्यायल्याबरोबर सुरू करा. पाऊस उघडला की गोचीड वाढते, तिच्यातून येणारा थायलेरिया हा तापाचा रोग संकरित जनावराला झपाट्यानं लोळवतो. ताप आणि मानेजवळची गाठ सुजलेली दिसली तर डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा.

शेवटी न विचारलेलं एक. खिल्लार गाईला दुधासाठी एचएफ भरवू नका. संकरित खोंडाला वशिंड जवळजवळ नसतं, जू नीट बसत नाही आणि उन्हात तो लवकर बसतो. औताचा बैल गेला आणि दूधही मनासारखं मिळालं नाही असं होतं. संकर गावठी, जात न सांगता येणाऱ्या गाईवर करा. आणि कृष्णाकाठच्या काळ्या रानातली आपली कृष्णा खोरे जात तर आता मोजक्याच दावणींना उरली आहे. दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानिकांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गीर, कांकरेज, ओंगोल आणि स्थानिक जनावरांच्या संकरातून ती उभी केली, चिकणमातीच्या जड रानात औत ओढण्यासाठी. रायबाग, अथणी, जमखंडीकडं कुणाकडं अशी गाय असेल तर तिला त्याच जातीच्या वळूची कांडी मिळावी म्हणून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लेखी मागणी नोंदवा, आणि ती येईपर्यंत एखादा माज वाया गेला तरी दुसरी कांडी भरवू नका.