गिधाडं नाहीशी झाल्यामुळे माणसांमध्ये रोगराई वाढली हे खरं आहे का? यावर लेख लिहायचाय, सुरुवात कुठून करू?

खरं आहे, पण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं तितकं सरळ नाही. मी नागपूरचा, गोरेवाडा-अंबाझरीला पक्षी बघत फिरणारा हौशी माणूस, अधूनमधून पुरवणीत लिहितो, त्यामुळे लिहिणाऱ्याच्या बाजूनेच सांगतो.

सुरुवात पक्ष्यापासून करू नका, ढोराच्या इंजेक्शनपासून करा. ढोराला सूज आली, ताप आला की डायक्लोफिनॅक, लगेच आराम, आणि नव्वदच्या दशकात ते इतकं स्वस्त झालं की खेड्यापाड्यात पोचलं. इंजेक्शन देऊनही ढोर मेलंच तर औषध त्याच्या अंगात राहतं, गिधाडाने ते खाल्लं की किडनी बंद, युरिक अ‍ॅसिड आतल्या अवयवांवर पांढरं पांढरं साचतं आणि थोड्याच दिवसात पक्षी खलास. आधी सगळ्यांना वाटायचं एखादा विषाणू असेल, पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांच्या किडन्या तपासल्याचा अभ्यास २००४ मध्ये छापून आला तेव्हा कुठे औषधाचा पत्ता लागला. तोवर उशीर झाला होता, पांढऱ्या पाठीचं गिधाड भारतात १९९२ ते २००७ मध्ये ९९.९ टक्के घटलं. लोक हमखास विचारतात की सगळ्याच ढोरांना काही इंजेक्शन दिलेलं नव्हतं, मग असं काहून झालं? तर एका ढोरावर डझनांनी गिधाडं उतरतात आणि जोडी वर्षाला एकच अंडं घालते, म्हणून शंभरात एखादं ढोर विषारी असलं तरी पुरतं, अभ्यासकांच्या हिशोबात तर एक टक्क्याहून कमी विषारी ढोरंही पुरेशी निघाली.

आता रोगाकडे. काटोलकडच्या आमच्या मामाच्या गावी ढोर टाकलं की पाहता पाहता नुसती हाडं उरायची. गिधाडाच्या पोटातलं आम्ल इतकं जहाल की सडक्या मांसातले बहुतेक जंतू तिथेच मरतात. कुत्र्यांचं तसं नाही, ती थोडं खातात, बाकीचं उन्हात सडतं, पावसात नाल्यात जातं, आणि आयतं खायला मिळालं की कुत्र्यांची संख्या वाढते, मग चावे, मग रेबीज. २००८ च्या एका अभ्यासात १९९२ ते २००६ मध्ये रेबीजचे ४७ हजारांवर जास्तीचे मृत्यू यातून झाले असावेत असा अंदाज काढलाय. अंदाज हा शब्द लेखात ठेवा, कोणी एकेक मृत्यू मोजलेला नाही.

दुसरा आकडा पाच लाखांचा, जो सगळीकडे चुकीचा छापतात. तो रेबीजचा नाहीच. २०२४ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी जिथे पूर्वी गिधाडं भरपूर असायची ते जिल्हे आणि जिथे आधीपासूनच फारशी नव्हती ते जिल्हे यांची तुलना केली, तर पहिल्या गटात एकूण मृत्युदर चार टक्क्यांहून जास्त वाढलेला दिसला, २००० ते २००५ मध्ये मिळून जवळपास पाच लाख जास्तीचे मृत्यू, सगळ्या कारणांचे. सोबत पाणी खराब झाल्याचे आणि रेबीज लशीची विक्री वाढल्याचे पुरावेही त्यांनी दिलेत. मला स्वतःला पाण्याचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो पण त्यावर कोणी लिहीत नाही, कुत्र्यावर लिहिलं की लोक वाचतात ना.

आणि प्रत्येक रोगात पक्षी ओढू नका. आपल्याच नागपूरच्या चांदीपुऱ्यात १९६५ मध्ये सापडलेला विषाणू घ्या, तो वाळूमाशीतून पसरतो, त्यात गिधाडाचा काही संबंध नाही. उलटाही प्रकार असतो बरं, न्यूयॉर्कला १९९९ मध्ये वेस्ट नाईल नावाचा विषाणू आला तेव्हा कावळे पटापट मेले, तिथे पक्षी स्वतःच आजाराचे बळी.

शेवटचा भाग आपल्या इथलाच घ्या. डायक्लोफिनॅकवर जनावरांसाठी २००६ मध्ये बंदी आली, तरी माणसांसाठीच्या ३० मिलीच्या बाटल्या गोठ्यात जायच्या म्हणून २०१५ मध्ये त्याही बंद केल्या, मग गिधाडांना तशीच घातक असलेली सूजेवरची दुसरी औषधं जनावरांसाठी बंद झाली, २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक, २०२४ च्या शेवटी निमेसुलाइड. त्याच २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रात वाढवलेली लांब चोचीची दहा गिधाडं आपल्या पेंचमध्ये आणली. म्हणून लिहायच्या आधी पेंचच्या आजूबाजूच्या गावांमध्ये चक्कर मारा, ढोरांच्या डॉक्टरला विचारा की सूजेवर सध्या काय देता. मेलॉक्सिकॅम म्हणाले तर ठीक, ते गिधाडांना चालतं. दुसरं काही सांगितलं तर तुमचा लेख तिथूनच सुरू करा.